एक पॉइंट दोन

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
सुके बांगडे आणि प्लास्टिकच्या बादल्या यांच्या मधे
पोत्यावर एक गन पडली होती.
कपाला पोपटी रंग वाळलेला,
घशात कुणाची तरी अर्धी राहिलेली गाडी.
विकणारा म्हणाला, चारशे.
मी ट्रिगर ओढला. सुई मागे गेली,
पुढे यायचं विसरली.
ठेवली परत.

मिंगेलच्या दुकानात काचेमागे तिघी.
पहिली आठ हजारांची, आरशासारखी.
तिच्यात मी दिसलो, दाढी वाढलेला,
खिशात दोन हजार सातशे
आणि वर पुंडलिकने आगाऊ दिलेले शंभर.
दुसरी साडेनऊशेची,
तोंडाची टोपी डबीतच सैल.
तिसरीकडे मी पाहिलंच नाही,
ती खेळण्यातली वाटली.

कंप्रेसर कितीचा, मिंगेलने विचारलं.
पंचवीस लिटरचा.
तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
आठ हजारवालीच्या काचेवर टिचकी मारून म्हणाला,
ही बाय एका दमात तुझी टाकी पिऊन टाकणार,
मग तू बस, अर्ध्या दरवाजासमोर.
गन घेताना सगळे तोंड बघतात,
वारा कोण बघत नाय.
तू रंगवतोस काय? बस? ट्रक?

मी म्हटलं, मडगार्ड. हेल्मेट.
स्कूटरची डिकी, आरशांच्या पाठी.
एकदा एक तीनचाकी सायकल, जांभळी,
तिचे पैसे अजून यायचे आहेत.

मग ही घे.
खेळण्यातली. नोझल एक पॉइंट दोन,
पाव लिटरचा कप, चौदाशे पन्नास.
आणि सहाशेचा पाण्याचा फिल्टर.
फिल्टर नंतर, मी म्हटलं.
नंतर म्हणजे फोड आल्यावर, तो म्हणाला,
इथल्या हवेत अर्धी खाडी असते.
पन्नास सोडले त्याने. वर एक ब्रश दिला,
दातकोरण्याएवढा.

घरी आधी पुठ्ठ्यावर.
टीव्हीचं खोकं, बाण वर असलेली बाजू.
पंखा उघडला तर मुडदुशीसारखी लांब पट्टी,
आवळला तर लिंबाएवढा टिपका.
जवळ गेलो, ओघळ.
लांब गेलो, संत्र्याची साल.
एक वीत पुरते, पण
ती माझी वीत, मिंगेलची नव्हे,
हे कळायला अख्खं खोकं गेलं.
शेवटी बाणसुद्धा दिसेना.

पुंडलिक पायलट. त्याचं पुढचं मडगार्ड.
पिवळा म्हणजे पिवळा, त्याने बजावलं होतं,
लिंबू नको, हळद नको,
बशीतून उतरणाऱ्या माणसाला
गर्दीतून दिसला पाहिजे.

तीन हात मारले.
पहिला नुसता धुरकट, खालचा प्रायमर दिसत होता.
दुसरा झाकणारा.
तिसऱ्याला मनगट ताठ ठेवून
सगळा खांदाच नेला इकडून तिकडे.
मधे कंप्रेसरला धाप लागली,
मी थांबलो, तो थांबला,
आणि पुरलं.
फिल्टरच्या पेल्यात चमचाभर पाणी जमलं होतं.
ते मी बराच वेळ बघत बसलो.

उद्या ये म्हटलेला पुंडलिक
त्याच संध्याकाळी आला.
सुकलें रे, म्हणत बोट लावलंच.
अंगठा उमटला, रेषांसकट.
मी बोललो नाही. तोही नाही.
शेजारच्या घरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
मग तो म्हणाला, राहू दे,
स्टँडवर चाळीस पिवळी असतात,
माझं मला ओळखेल.

मी गन खोलली, थिनरमध्ये बुडवली.
त्या एवढ्याशा ब्रशने नोझल घासलं.
ट्रिगर ओढला, सोडला.
सुई पुढे आली, बसली.

पैसे मोजताना पुंडलिक
आगाऊ दिलेले शंभर वजा करायला विसरला.
मी आठवण केली त्याला,
फाटकापर्यंत पोचल्यावर.